पहाटे गाडीवर बुटीबोरीला जातो, जाड जर्किन घालूनही अंग कापतं, काय घालावं?

खापरीपार

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण माझ्यासाठी सध्या मोठा झाला आहे म्हणून सविस्तर लिहून राहिलो. मी नागपुरात मनीषनगरला राहतो, बुटीबोरी एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कंपनीत आहे. या महिन्यात फर्स्ट शिफ्ट लागली, कंपनीची बस आमच्याकडून जात नाही, त्यामुळे पहाटे साडेपाचला मोटरसायकल काढावी लागते. एका बाजूचे पंचवीसेक किलोमीटर होतात.

थंडी सुरू झाली तेव्हाच आतून फर असलेलं जाड जर्किन घेतलं, अडीच हजार गेले. आत सुती बनियन, त्यावर कंपनीचा शर्ट, त्यावर हे जर्किन, खाली जीन्स, हातात लोकरीचे हातमोजे आणि डोक्यावर हेल्मेट. विमानतळापर्यंत काही वाटत नाही. खापरी सुटली की मोकळं लागतं आणि तिथून पुढे छाती गार, गुडघे गार, जामठ्याचं स्टेडियम येईपर्यंत बोटं अशी बधिर होतात का ब्रेक किती दाबला हे हाताला समजतच नाही. परवा पुढचा ट्रक एकदम थांबला, मला ब्रेक लावायला उशीर झाला, थोडक्यात वाचलो. तेव्हापासून खरंच भीती बसली आहे.

आणि दुपारी सुटलो की २७-२८ डिग्रीचं ऊन, तेच जर्किन सीटला बांधून आणावं लागतं.

तर याच्यापेक्षा जाड जर्किन घेऊ का? आई म्हणते आतून दोन स्वेटर घाल, ते घालून पाहिले तर कोपर वाकत नाही आणि थंडी तेवढीच वाजते. थर्मल घेऊ का, घेतलं तर कोणतं? पगार काही फार नाही, आणखी अडीच हजार चुकीच्या जागी टाकायचे नाहीत. अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

सेमिनरी_हिल्स_सकाळ

बेटा, तुझं वाचून माझे ड्युटीचे दिवस आठवले. मी तीस वर्षं स्कूटरवर कोराडीला गेलो, सकाळची पाळी असली की तुझ्याचसारखं अंधारात निघायचं. जर्किन कुठलं, बायकोने विणलेलं एक हाफ स्वेटर आणि शर्ट अन् स्वेटरच्या मधे कालचा पेपर. हसण्यासारखं वाटेल पण करून पाहा. दोन-तीन पानं पूर्ण उघडून छातीपासून पोटापर्यंत लावायची, स्वेटर खाली ओढून घ्यायचं, बस. कागदातून वारा आत येत नाही. युरोपात सायकलच्या मोठ्या शर्यती होतात ना, तिथेही घाट उतरायच्या आधी सायकलवाले जर्सीत पेपर कोंबतात, म्हणजे हे काही फक्त आपल्या गरिबीतलं नाही.

दुसरं म्हणजे तुझी वेळच वाईट आहे. आपल्याकडे समुद्र नाही, हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे जमीन दिवसभर तापलेली रात्रभर उष्णता सोडत जाते आणि ती अडवायला वर ढग नसतात. उत्तरेचं वारं सुटलं की अजून भर. त्यामुळे सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्य उगवायच्या सुमारास असतं, आणि सध्या सूर्य उगवतो पावणेसात-सातच्या मधे. तू बरोबर त्याच्या थोडं आधी उघड्यावर असतो. ज्या दिवशी ढगाळ असेल त्या पहाटे तुला फरक जाणवेल बघ. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपूर ३.५ डिग्रीवर गेलं होतं, मी त्या दिवशीही फिरायला गेलो होतो, तेलंगखेडीच्या बाजूने सगळं गवत पांढरं वाटत होतं.

रायडर_वर्धारोड

माझं सरळ मत. एकच चांगलं रायडिंग जॅकेट घ्या, आठ-दहा हजारांचं, आत काढता येणारं अस्तर असतं, कोपर-खांद्याला गार्ड असतात. स्वेटरवर स्वेटर घालून गाडी चालवणं मला तरी पटत नाही, मान वळत नाही. सेफ्टी पहिले.

पाठीवर_सॅक

रायडरभाऊ, गार्डवालं जॅकेट सेफ्टीसाठी घ्यायलाच पाहिजे, वाद नाही, पण ज्याच्याजवळ या महिन्यात आठ हजार नाहीत त्याने काय करायचं हा प्रश्न आहे. आणि काढता येणारं अस्तर म्हणजे थरच झाले ना.

मी दहा-बारा वर्षांपासून हिमालयात ट्रेकला जातो, बर्फातही राहिलो, तिथे जे शिकलो ते इथे वर्धा रोडवर कसं लागू पडतं ते सांगतो, जरा लांब होईल.

कपडा स्वतः गरम नसतो. गरम तुमचं अंग असतं, आणि कपड्याच्या धाग्यात, दोन कपड्यांच्या मधे जी हवा अडकून बसते ती ती उष्णता धरून ठेवते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे जास्त कामाचे, कारण मधे हवेचा एक पापुद्रा मिळतो. पण तो पापुद्रा जिवंत राहायला हवा. तुम्ही दोन स्वेटर घातले आणि वरून घट्ट जर्किनची चेन लावली, की सगळं दाबलं गेलं, हवा गेली, म्हणूनच कोपर वाकलं नाही आणि थंडीही कमी झाली नाही. नियम असा की आतला कपडा अंगाला चिकटून, मधला सैल, वरचा त्याहून एक साइज मोठा.

तीन थरांचं काम वेगवेगळं आहे. अंगाला लागून जो असतो त्याने घाम ओढून बाहेर टाकायचा. मधल्याने हवा धरायची. वरच्याने वारा अडवायचा. तुमच्याकडे मधलं काम करायला जर्किनची फर आहे पण वारा अडवणारं काही आहे का? खूप जर्किनं दिसायला जाड असतात पण चेनमधून, शिवणीतून, बाहीतून वारा सरळ आत येतो. घरी करून पाहा, जर्किनचा कपडा तोंडाला घट्ट लावून जोरात फुंका, पलीकडे हाताला हवा लागली तर समजून जा. तापमान १० डिग्री आणि गाडी ४० ने चालली तर उघड्या कातडीला ते साधारण ६ डिग्रीसारखं लागतं, म्हणजे चार डिग्री तर तुमच्या स्पीडनेच खाल्ले.

अजून एक गोष्ट जी ट्रेकवाल्यांनाही उशिरा समजते. डोंगर चढताना अंग भट्टीसारखं तापतं, म्हणून आम्ही चढायला लागायच्या आधीच एक कपडा काढून ठेवतो, थोडी थंडी वाजली तरी चालते, आणि थांबलो की लगेच अंगावर चढवतो. गाडीवर तुम्ही जागचे हलत नाही, अंग फारशी उष्णता बनवत नाही, आणि वारा मात्र डोंगरमाथ्यावरचा. म्हणजे गाडीवरचा माणूस हा वाऱ्यात स्थिर उभा असलेला माणूस आहे, त्याने तसेच कपडे घालायला पाहिजे. पायी फिरणाऱ्याला जे पुरतं ते तुम्हाला पुरणार नाही.

आणि सुती बनियन. त्यावर माझं थोडं वेगळं मत आहे पण आधी सांगा, कंपनीत घाम येतो का, आणि घरून निघताना काय करता?

खापरीपार

सॅकदादा, फुंकून पाहिलं. चेनच्या जागेवरून सरळ हवा येऊन राहिली, आणि दोन्ही बगलेत शिवणीपाशी पण. अडीच हजारांचं जर्किन आहे, वाईट वाटलं.

घाम येतो, मोल्डिंगच्या मशीनजवळ हिवाळ्यातही गरम असतं. आणि सकाळचं म्हणाल तर गाडी घरात आत असते, आमच्या गल्लीत पाण्याच्या लाइनसाठी खोदून ठेवलं आहे त्यामुळे कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यावी लागते, ते सगळं जर्किन घालूनच करतो. कोपऱ्यावर जाईपर्यंत पाठ ओली झालेली असते.

पाठीवर_सॅक

सापडलं बघा. तुम्ही घरापासूनच ओले निघता. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि सुती कपडा पाणी धरून बसतो, लवकर सुकत नाही. म्हणजे पंचवीस किलोमीटर तुम्ही ओल्या फडक्यावर जर्किन घालून जाता. सुती बनियन घरात, ऑफिसात, दुपारी एकदम बरं. पण पहाटे गाडीवर नको. त्याजागी पॉलिस्टरचं, खेळायला वापरतात तसं अंगाला चिकटणारं फुल बाहीचं टीशर्ट घ्या, दोन-तीनशेला मिळतं, किंवा पातळ थर्मल.

गाडी ढकलून होईपर्यंत जर्किन घालूच नका. हँडलला लटकवा. कोपऱ्यावर एक मिनिट थांबा, श्वास खाली येऊ द्या, मग चढवा. एवढ्यानेच अर्धा फरक पडेल.

हिंगणा_मॅडम

मी हिंगण्याकडे शाळेत शिकवते, सकाळची शाळा, स्कूटी. दादा, एक पैसा खर्च न करता करायची गोष्ट सांगते, तुमचा पावसाळ्यातला रेनकोट काढा. शर्ट आणि पँट दोन्ही. आपण ऑक्टोबर लागला की घडी घालून माळ्यावर टाकतो आणि मग थंडीत वारा अडवणारं काही शोधत फिरतो. मी मागच्या तीन हिवाळ्यांपासून साडी किंवा ड्रेसवर स्वेटर, त्यावर रेनकोटचं वरचं, आणि खाली लेगिंगवर रेनकोटची पँट असं जाते. पहिल्या दिवशी मुलांनी विचारलं मॅडम पाऊस येऊन राहिला का, आता त्यांच्यातल्याच चार जणी तसंच करून येतात.

गुडघ्यांसाठी तर पँट हवीच. जीन्समधून वारा आरपार जातो, आणि घट्ट जीन्स असेल तर गुडघा वाकला की कपडा कातडीला चिकटतो, मधे हवा राहतच नाही.

फक्त एक आहे, रेनकोट श्वास घेत नाही, आतली वाफ आतच राहते. म्हणून पोचलं की लगेच काढायचा आणि उलटा करून वाळत टाकायचा, डिक्कीत तसाच कोंबला तर दुसऱ्या दिवशी आतून ओलसर लागतो आणि वास येतो तो वेगळा.

आणि गळा! चेनच्या वरची जी फट असते ना, तिथून वारा थेट पोटापर्यंत जातो. जुना सुती दुपट्टा दुहेरी करून गळ्याभोवती गुंडाळा, दोन्ही टोकं छातीवर फुलीसारखी घेऊन आत खोचा आणि मग चेन लावा. गाडीवर टोकं बाहेर लटकती ठेवायची नाहीत, चाकात जातात, हे कळकळीने सांगते.

लोकर_आणि_सुया

मी विणकाम करते, म्हणून स्वेटरपुरतं बोलते. आईने दोन स्वेटर सांगितले त्यात तिची चूक नाही, पण ते कशाचे आहेत ते पाहा. बाजारात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं कॅशमिलॉन, म्हणजे ॲक्रेलिक असतं. ओळखायचं असेल तर स्वेटरच्या आतल्या शिवणीतून एक धागा काढून काडीने पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास देते, लवकर विझते आणि राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रेलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. ॲक्रेलिक टाकाऊ नाही, हलकं असतं, धुवायला सोपं, मुलांना बरं. पण खऱ्या लोकरीची गोष्ट वेगळी, ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून दमट झाली तरी ऊब देते.

हाताने विणलेलं स्वेटर मात्र वाऱ्यासमोर टिकत नाही, घरात कितीही उबदार असो. टाक्याटाक्यातून वारा जातो. म्हणून ते नेहमी मधेच पाहिजे, वर काहीतरी झाकण हवंच. बहुतेक जण स्वेटर सगळ्यात वर घालतात, विशेषतः आपल्या बायका साडीवर घालून गाडीच्या मागे बसतात, आणि मग म्हणतात स्वेटर घालूनही थंडी वाजते.

नवीन घ्यायचं असेल तर तिबेटी लोकांचं मार्केट लागलं आहे तिथे जाऊन या, माल बहुतेक लुधियान्याचा असतो, तीन-चारशेत चांगलं बिनबाहीचं मिळतं. आपल्या विदर्भातच गोंदिया जिल्ह्यात गोठणगावकडे तिबेटी लोकांची जुनी वसाहत आहे, मी एकदा जाऊन आले, तिथल्या एका आजीने मला मोज्याची टाच वळवायची पद्धत दाखवली ती मी अजून तशीच विणते. तर बिनबाहीचंच घ्या. छाती-पाठ झाकली जाते आणि कोपर मोकळं राहतं, तुमचा हात वाकायचा प्रश्न तिथेच सुटतो. आणि धुताना गार पाण्यात, रिठ्याने किंवा सौम्य पावडरने, पिळायचं नाही, टॉवेलवर आडवं वाळवायचं. गरम पाण्यात टाकलेली खरी लोकर आवळून नातवाच्या मापाची होते.

रात्रपाळी_सिस्टर

मी मेडिकल चौकाजवळ राहते, वीस वर्षं नर्सिंगमधे आहे. बोटांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण ब्रेक उशिरा लागला हे वाचून मला राहवलं नाही.

बोटं बधिर होतात तेव्हा दोष दर वेळी हातमोज्यांचा नसतो. छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर आधी हृदय, यकृत यांना वाचवतं, हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि गरम रक्त आतच फिरवतं. म्हणून धड उबदार केलं की बोटं आपोआप सुधारतात. त्यावर हातमोजे. लोकरीच्या हातमोज्यातून वारा जातो, त्यावर रेक्झिन किंवा चामड्याचे एक साइज मोठे चढवा, आणि मनगट उघडं ठेवू नका, तिथे रक्तवाहिन्या अगदी कातडीखाली असतात. बाही हातमोज्याच्या आत किंवा हातमोजा बाहीच्या वर, फट राहायला नको. हे सगळं घालून क्लच-ब्रेक नीट दाबता येतात का ते उभ्या गाडीवर आधी पाहा.

मोज्यांचं पण तसंच. एकावर एक दोन जाड मोजे घालून बूट आवळला तर पाय अजून गार पडतो, कारण रक्तही अडतं आणि हवाही जाते. बुटात बोटं हलली पाहिजेत.

डोक्यातून निम्मी उष्णता जाते असं सगळे सांगतात, ते खरं नाही. डोक्याचा वाटा साधारण दहा टक्के आहे, कारण अंगाच्या मानाने डोकं तेवढंच असतं. पण हेल्मेटमधे कान आणि कपाळ दुखतं म्हणून पातळ टोपी घाला, जाड कानटोपी नको, हेल्मेट सैल बसतं आणि पडलात तर उपयोगाचं राहत नाही.

बोटं बधिर झाली की चालवत राहू नका. गाडी बाजूला घ्या, हात काखेत दाबून पाच मिनिटं थांबा. पाच मिनिटं उशीर झाल्याने कोणी नोकरीवरून काढत नाही. आणि कोणी म्हणालं घोटभर घे, गरम वाटेल, तर अजिबात ऐकू नका. दारूने कातडीकडे रक्त जास्त जातं म्हणून गरम वाटतं, पण त्याच वाटेने आतली उष्णता निघून जाते.

एक विचारू? तुमच्या आई किती वर्षांच्या आहेत, पहाटे त्या पण उठत असतील ना डब्यासाठी?

खापरीपार

सिस्टर, आई अडुसष्टची आहे. साडेचारला उठते, मी कितीही नको म्हटलं तरी ऐकत नाही. स्वयंपाकघर पत्र्याचं आहे, तिथे भल्ली थंडी असते, ती कोळशाची शेगडी पेटवून जवळ ठेवते आणि वारा येतो म्हणून दार लावून घेते. अंगावर फक्त शाल.

रात्रपाळी_सिस्टर

दादा, ते दार आजच उघडं ठेवायला सांगा. बंद खोलीत कोळसा पेटला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, झोप येते आणि तो झोपतोच. दर हिवाळ्यात असे पेशंट आमच्याकडे आले आहेत, सगळेच परत गेले नाहीत. शेगडी पेटवायची तर दार आणि खिडकी दोन्ही उघड्या, आणि झोपताना खोलीत तर कधीच नाही.

आणि वय झालं की थंडी वाजल्याचं शरीर नीट सांगत नाही, कापरंही कमी भरतं. त्यामुळे त्या म्हणतील मला नाही वाजत, त्यावर जाऊ नका. हात लावून पोट-पाठ गार लागते का पाहा. शाल सरकते आणि गॅसपाशी धोक्याची आहे, तिचं टोक पेटतं. त्यांना आत पातळ थर्मल, त्यावर ब्लाउज, समोरून बटणं असलेलं स्वेटर, पायात मोजे आणि चप्पल. फरशीवर अनवाणी उभं राहिल्याने फार गारवा चढतो, जाड पोतं किंवा सतरंजीची घडी पायाखाली टाका.

खापरीपार

मंडळी, आठ दिवस झाले, सांगायला आलो.

आधी आईचं. शेगडी बंद केली. सिस्टरचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, मागच्या आठवड्यात दोनदा मला घेरी आली होती, तुला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही. ते ऐकून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आता तिला समोरून बटणांचं स्वेटर आणि थर्मल आणलं, आणि कणिक रात्रीच मळून ठेवायची असं ठरलं, म्हणजे ती पाऊण तास उशिरा उठते.

माझं असं आहे. आत दोनशे ऐंशीचं पॉलिस्टरचं टीशर्ट, त्यावर कंपनीचा शर्ट, मग तिबेटी मार्केटमधलं बिनबाहीचं स्वेटर, ते जर्किन आणि सगळ्यात वर रेनकोट. जीन्सवर रेनकोटची पँट. पहिल्या दिवशी रेनकोट नव्हता सापडला म्हणून काकांचा पेपर लावून गेलो, फक्त तेवढ्यानेच छातीचा फरक कळला. जर्किन आता कोपऱ्यावर जाऊन घालतो. काल पहाटे नऊ डिग्री होतं, जामठ्याला मुद्दाम थांबून बोटं हलवून पाहिली, सगळी आपली वाटली. ब्रेक बरोबर समजतो.

कंपनीत पोचलो की टीशर्ट बदलून सुती बनियन घालतो. एकूण खर्च बाराशेच्या आत, त्यात आईचं पण आलं.

एकच राहिलं, पायाची बोटं अजून गार पडतात. सेफ्टी शूज आहेत, पुढे लोखंडी टोपी असते ती बर्फासारखी होते, आणि कंपनीचा नियम आहे म्हणून दुसरे बूट घालता येत नाहीत.

सेमिनरी_हिल्स_सकाळ

बेटा, सेफ्टी शूज पायात घालून जायचे असं कंपनीने सांगितलं आहे का? गेटच्या आत घालायचे असतील. ते पिशवीत घेऊन जा आणि गाडीवर साधे बंद बूट घाल, अर्धा नंबर मोठे, मधे एक लोकरीचा मोजा. फक्त चप्पल-सँडल नको. आणि सेफ्टी शूज रात्री बाहेर व्हरांड्यात ठेवत असशील तर घरात घे, रात्रभर गार पडलेलं लोखंड सकाळी पायाने कशाला तापवतो.

खापरीपार

व्हरांड्यातच ठेवतो काका. आजपासून आत.